घरचा नंबर

सोमवार, ५ जानेवारी

ही डायरी आडत्याने दिवाळीत दिली होती, कोरीच पडून होती. आज लिहायला घेतली, कारण मला एक गोष्ट कोणालाही सांगायची नाही आणि ती माझ्या पोटात राहणार नाही.

दुपारी तीनला ओसरीवर बसलो होतो. माझी बायको रुद्रम्मा अंगणात तूर पाखडत होती. फोन वाजला. मेसेज होता: तुमचा कोड ४१७०३८. दहा मिनिटं चालेल. कोणालाही सांगू नका. तुम्ही मागितला नसेल, तर दुसरं कोणीतरी तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न करत आहे.

मी मागितला नव्हता. मी तर सुपारी कातरत होतो.

हे खातं बँकेचं नव्हे, मेलचं. पाच वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी, महेशकुमारने, माझ्या नावाने उघडून दिलं. घरात खातं एकच आणि नंबरही एकच, माझा. गॅस, रेशन, रुद्रम्माच्या डोळ्यांचा दवाखाना, सुनेची कागदपत्रं, जिथे नंबर मागतील तिथे हाच. आम्ही त्याला घरचा नंबर म्हणतो. आजवर पासवर्ड टाकला की आत जाता यायचं. डिसेंबरात कंपनीने कळवलं की एक तारखेपासून सगळ्यांना बाहेर काढणार आणि पुन्हा आत यायचं तर पासवर्डबरोबर फोनवर आलेले सहा आकडेही लागणार. सक्तीचं आहे, नको म्हणायची सोय नाही. मी तेव्हा चांगलाच वैतागलो होतो. आपल्याच घरात शिरायला दोनदा कडी वाजवायची म्हणजे काय! आता वाटतं, बरं झालं. दाराबाहेर कोणीतरी उभं आहे.

मादन हिप्परग्याचं पोस्ट मी चौतीस वर्षं सांभाळलं. लोक अजून पोस्टअप्पा म्हणतात, सिद्धप्पा हे नाव रेशनकार्डावर उरलंय. नियम मला समजतो. कोणालाही म्हणजे कोणालाही, त्यात बायकोही आली. वहीला सांगायला हरकत नसावी.

७ जानेवारी

आज तीन आले. ९०२२१४, ३३८१५६, ७७०४९१. पहिला सकाळी दहाला, दोन दुपारी, रुद्रम्मा झोपते त्या वेळी.

दुसरा आला तेव्हा सून चहा घेऊन आली. शिवलीला हळ्ळीखेडची. लग्नाआधी हुमनाबादला रक्त तपासायचा दोन वर्षांचा कोर्स केलाय, आता चार वर्षं घरीच असते. महेश पुण्याला कंपनीत आहे, चौघं मिळून एका खोलीत राहतात, म्हणून ती आमच्याजवळ. गुणी मुलगी आहे. मोठ्याने बोलत नाही.

"मामा, फोनवर काय आलंय का?" तिने विचारलं.

"काय येणार?"

"न्हाई, वाजल्यावानी झालं म्हनून इचारलं."

कान तिखट आहेत पोरीचे. मी फोन उलटा करून मांडीखाली घेतला. तिला कशाला घाबरवायचं?

संध्याकाळी म्हणाली, "मामा, तुमचा फोन देता का जरा? आईला लावायचा होता." मी म्हणालो, तुझ्याजवळ महेशचा जुना फोन आहे की. तर म्हणाली, "व्हय, है," आणि भाकरी करायला गेली.

९ जानेवारी

छाती धडधडते. फोन बंडीच्या आतल्या खिशात ठेवायला लागलोय. वाजला की तिथेच वाजतो, म्हणजे आणखी धडधडते.

बसल्या बसल्या जुने दिवस आठवले. कोणाचं पत्र मी कधी फोडलं नाही. लोक म्हणत, पोस्टअप्पाच्या हातात दिलं म्हणजे विहिरीत टाकल्यासारखं, आवाज म्हणून येणार नाही. सुनांची पत्रं मात्र मी सुनांच्या हातात देत नसे, घरातल्या कर्त्याच्या हातात देई. नियमात तसं नव्हतं, पण गावाची रीत होती आणि मला ती बरी वाटे. माहेरचं पत्र सासऱ्याने आधी वाचलं म्हणजे भांडण होत नाही. एकदा भगवानरावांची सून थेट टपालाच्या खिडकीपाशी आली होती, "माझं पत्र मलाच द्या" म्हणून. मी दिलं नाही. का कोण जाणे, तिचा चेहरा आज डोळ्यासमोर आला.

१२ जानेवारी

आळंदला जाऊन आलो. 

बसस्टँडजवळ धनराजचं कॉम्प्युटर सेंटर आहे. मुलगा हुशार आहे, फक्त कायम घाईत. मी कोड सांगितला नाही, माझ्या हाताने टाकला, त्याला तोंड फिरवायला लावलं. तो हसला. खातं उघडलं तर न वाचलेली पत्रं चार हजारांवर. मग त्याने एक पान काढलं, कोण कुठून शिरायला बघतोय ते त्यात दिसतं.

"अप्पा, चोर दिल्लीचा न्हाई बगा," तो म्हणाला. "ह्यो आपल्या आळंद तालुक्यातलाच है. पासवर्ड पन ठावं है तेला. कोडवर येऊन अडकायलाय."

 पासवर्ड माहीत असलेला माणूस आपल्याच तालुक्यात! कोण असेल? येताना बसमध्ये प्रत्येकाच्या हातातल्या फोनकडे बघत आलो.

धनराजकडून पासवर्ड बदलून घेतला. वरचीच तीन पत्रं इंग्रजीत होती. त्याने पहिलं भराभर वाचलं. प्रिय उमेदवार, आपली निवड झाली आहे, तीस जानेवारीला संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. नाव कुठेच नाही, नुसता नोंदणी क्रमांक.

"असली रोज इस येतेत मला," धनराज म्हणाला. "नोकरीचं गाजर दावायचं, आन् दाबलं की गेलं समदं."

उमेदवार म्हणे! अडुसष्टाव्या वर्षी मी कसला उमेदवार? चोराने गळ टाकलाय हे लख्ख दिसत होतं. धनराज पुसायला लागला तेव्हा मी म्हणालो, थांब, मी दाबतो. स्वतःच्या बोटाने तिन्ही पत्रं काढून टाकली. आठ दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

१७ जानेवारी

संक्रांतीला शिवलीला माहेरी गेली. जाताना पाया पडली, जरा रेंगाळली. "मामा, एक इचारायचं होतं," म्हणाली. तेवढ्यात बस आली. मी म्हणालो, आल्यावर विचार.

मला वाटलं, तीन दिवस कोड आला नाही म्हणजे चोर पासवर्ड बदलल्यामुळे हरला. पण काल दोन आले, आज चार. सकाळीच आळंदला धनराजकडे गेलो. त्याने बघून सांगितलं, "अप्पा, आता हुमनाबादकडनं यायलाय. पासवर्ड इसरलो म्हनून कोड मागायलाय. सरकायलाय ह्यो."

हुमनाबाद! तिथून हळ्ळीखेड किती लांब? ती गेली आणि चोरही तिकडेच गेला.  त्याला आमच्या घरातलं कोण कुठे जातं तेही कळतं.

लगेच व्याह्यांना, नागप्पांना, फोन लावला. सगळं सांगता येत नव्हतं. एवढंच म्हणालो, "दिवस वंगाळ हैत. फोनवरनं फसवायलेत. पोरीला एकटी सोडू नका."

नागप्पा म्हणाले, "बरं झालं सांगितलाव. सारखी फोनमध्ये डोकं घालून बसायलीय. घेतो काढून मी तिचा फोन."

मी म्हणालो, घ्याच. वेळेवर सुचलं म्हणायचं. त्यानंतर दिवसभर एकही कोड नाही.

२१ जानेवारी

आज चोराने कहर केला.

सकाळी महेशचा फोन. आवाज महेशचा. "अप्पा, शिवलीला आज घरी येईल. ती आली की तुमचा फोन तिच्याजवळ द्या थोडा वेळ. एक कोड येईल, तेवढा तिला बघू द्या."

 गेल्याच महिन्यात पेपरात वाचलं होतं की हल्ली माणसाचा आवाजही चोरतात, हुबेहूब. महेश आजवर एकदाही असलं बोलला नाही.

मी विचारलं, "तू महेश कशावरून? तुझ्या बारशाला पाळणा कोणाच्या घरनं आणला होता?"

"अप्पा, मी बारशाला पाळण्यात होतो, मला कसं म्हाईत असल?"

मी फोन कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मग बंदच केला, फडक्यात गुंडाळून तुरीच्या कणगीत खोल खुपसला आणि वर हाताने सारखं केलं. महिनाअखेरीपर्यंत काढणार नाही. चोराला तीस तारखेचं काहीतरी आहे, त्याच्या पत्रातच होतं. ती तारीख गेली की तो थकेल.

२४ जानेवारी

शिवलीला आली आहे. वाळलीय. ताटात अर्धी भाकरी सोडून उठते. रुद्रम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि माझ्याकडे बघते, जसा काही मीच तिला उपाशी ठेवलाय.

दुपारी म्हणाली, "मामा, तुमचा फोन लागंना झालाय."

"बंद ठेवलाय."

"कवापोतर?"

"एकतीस तारखेपर्यंत."

तिच्या हातातला पाण्याचा तांब्या पडला. पाणी सगळं माझ्या धोतरावर. मला तिची कीव आली. बिचारीला काही ठाऊक नसताना घरातली धास्ती लागली. मी म्हणालो, "भिऊ नगंस बाई, मी है की." तर तोंडाला पदर लावून आत गेली.

गुरुवार, २९ जानेवारी

रुद्रम्माने आज मला अंगणात बोलावलं, सुनेला दुकानाला पाठवून.

म्हणाली, "चोर कोन ते कळलं का तुमाला?"

मी चमकलो. मी तिला चोराबद्दल बोललो नव्हतो.

"वही उशाखाली ठिवून झोपताव. मला वाचायला येतंय, इसरलाव का? भिंग लावून पयली दोन पानं तेवढी वाचली मी. आन् कणगीतली तूर कोन काढतंय रोज? मीच न्हवं?" मग खाली बसली. "ती पोरगी है, अवं. शिवलीला. तिचं पत्तर यायचं होतं त्या खात्यात. औरादच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागलीय तिला. तीनशे जनांत आठवी आली. महेशला ठावं है. तुमाला सांगायचं धाडस कुनाला हुईना झालं. उद्या पाचपोतर हो म्हनायचंय."

मी म्हणालो, मग तू आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमी तिला जाऊ दिलं नसताव. कोड चोरून घ्यावा, मग बगावं, असं ठरलं होतं. आता कणगीतला फोन काढून बी काय? तेला उघडायचा आकडा तुमालाच ठावं."

आता माजघरात बसून लिहितोय. त्या तीन पत्रांचं कोणाला सांगितलेलं नाही. चौतीस वर्षांत दुसऱ्याचं एक पत्र फोडलं नाही मी, आणि या बोटाने घरातल्याच पोरीचं पत्र पुसलं.

पण वहीशी खोटं बोलायचं नाही. लाज वाटली, तेवढीच भीतीही वाटली, आणि ही भीती चोराची नव्हती. ती औरादला गेली तर या घरात मी आणि रुद्रम्मा दोघंच. तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही, मला जिना चढवत नाही. उद्या पाच वाजेपर्यंत मी नुसता गप्प बसलो तर काहीच बदलणार नाही. कोणाला कळणारही नाही. फोन बंद होता, एवढंच. हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ राहिला.

शुक्रवार, ३० जानेवारी

दुपारी चारपर्यंत मी गप्प बसलो. शिवलीलाने धुणं धुतलं, तूर भरली. मग मी कणगीत हात घातला, फोन काढून चालू केला आणि तिला हाक मारली.

ती दारात उभी राहिली. मी म्हणालो, तुझा फोन आण. पासवर्ड मी टाकला. माझ्या खिशात फोन वाजला. सहा आकडे आले. मी बघितले आणि फोन हातातच धरून ठेवला.

"कशाला पायजे तुला कोड?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

तिने सांगितलं. खाली मान घालून सगळं सांगितलं, हुमनाबादचा कोर्स, परीक्षा, आठवा नंबर. मी विचारलं, तिथे राहणार कुठे? महिन्यातून कितीदा येणार? महेश काय म्हणतो? आम्ही म्हाताऱ्यांनी काय करायचं? ती एकेकाचं उत्तर देत होती आणि तिची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. मला ते दिसत होतं, तरी मी विचारत होतो. शेवटी म्हणाली, "मामा, दहा मिनटं झाली. गेला त्यो कोड."

तिचे ओठ थरथरत होते. मी आयुष्यात कोणाला इतकं घाबरवलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी समजत होतो की घरात घाबरलेला मीच एकटा.

दुसरा कोड मागवला. चार-सतरा वाजता आला. मी मोठ्याने वाचून दाखवला, एकेक आकडा. खातं उघडलं. पत्र जागेवर नव्हतं, तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी सांगून टाकलं की मी पुसलं. तिने खात्यातला कचऱ्याचा डबा उघडला. कचऱ्यातलं महिनाभर राहतं म्हणे. तिथून काढलं. चार-चाळीसला होकार गेला. पोच आली तेव्हा रुद्रम्मा आतून ओरडली, "गेलं का?"

मीच म्हणालो, त्या खात्याला आता तुझा नंबर लाव, माझा काढ. दवाखान्याची पत्रं यायची, दर वेळी कुठे माझ्या तोंडाकडे बघत बसतेस? ती म्हणाली, "नगं मामा, ऱ्हाऊ द्या." मी म्हणालो, लाव. माझा नंबर निघाल्याचा मेसेज आला आणि मला खिशात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं.

८ फेब्रुवारी

शिवलीला उद्या रुजू होणार. महेश येऊन तिला घेऊन गेला. रुद्रम्माने धपाटे बांधून दिले. घरात भांड्याचाही आवाज नाही. दोनदा हाक मारून बसलो, चहासाठी.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

रुद्रम्माच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख कलबुर्गीच्या दवाखान्याने मेलवर पाठवली होती. कागद छापून न्यायचा होता. म्हणून आळंदला धनराजकडे गेलो. पासवर्ड टाकला आणि खिशातला फोन काढून वाट बघत बसलो. तो वाजेना.

"अप्पा, नंबर सुनेचा है की आता," धनराज म्हणाला. "कोड तिकडं गेला. इचारा तिला. दहाच मिनटं हैत."

औरादला फोन लावला. उचलला नाही. सकाळी दवाखान्यात गर्दी असते, रक्त घ्यायला रांग असते, तिनेच सांगितलं होतं. पुन्हा लावला. नाही. चार मिनिटं गेली. धनराज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.  तिने उचललाच नाही तर? उचलून म्हणाली, कशाला पाहिजे, तर काय सांगू? रुद्रम्माच्या डोळ्याचं सांगेन. पण तिने विचारलं, खरंच का? विचारलं, आधी का नाही सांगितलंत? विचारायचा तिला हक्क होता. मी मनात उत्तरं जुळवत बसलो, मास्तरांपुढे उभं असल्यासारखा.

सातव्या मिनिटाला तिने उचलला. मागे कोणीतरी कन्नडमध्ये जोरात बोलत होतं.

"बाई," मी म्हणालो, "तुझ्याकडं एक कोड आला असल..."

"व्हय मामा, आलाय. लिहून घ्या," ती म्हणाली आणि सहा आकडे सांगितले. मग सावकाश परत एकदा सांगितले, मला नीट ऐकू येत नाही म्हणून. कशाला हवा, ते विचारलं नाही.

धनराजने टाकले. "झालं अप्पा, उघडलं. ठेवा फोन," तो म्हणाला.

मला ठेवता येईना. पलीकडून ती "मामा? मामा, ऐकायलाव का?" म्हणत होती आणि मी तिने न विचारताच रुद्रम्माच्या डोळ्याचं सांगायला लागलो.